मालडब्याचा लाकडी डोंगल : रेल्वेतून सुटा गहू नेणाऱ्या ‘ग्रेन डोअर’ची गोष्ट

नवीन फोनला हेडफोनचं गोल भोक नसतं आणि जुना चांगला हेडफोन टाकून द्यायला जीव होत नाही. मग आपण काय करतो? एक स्वस्तातला डोंगल घेतो. दिसायला बरा नसतो, हरवतो, कधी कधी खरखर करतो, पण काम भागतं.

अमेरिका आणि कॅनडाच्या रेल्वेने असाच एक डोंगल कित्येक दशकं वापरला. फरक एवढाच की तो लाकडी फळ्यांचा होता, खिळ्यांनी ठोकलेला, आणि त्याच्यामागे टनावारी गहू भरलेला असायचा. त्याचं नाव ‘ग्रेन डोअर’, म्हणजे धान्यदार.

अडचण नेमकी काय होती?

आपल्याकडे रेल्वेतून धान्य जातं म्हटलं की डोळ्यांसमोर पोती येतात. अन्न महामंडळाची ५० किलोची पोती हमाल डब्यात चढवतात आणि पुढच्या स्टेशनवर उतरवतात. उत्तर अमेरिकेत मात्र फार लवकर पोतं मागे पडलं. १८४२ मध्ये बफेलो शहरात जोसेफ डार्ट या व्यापाऱ्याने वाफेवर चालणारा ‘ग्रेन एलेव्हेटर’ उभारायला घेतला. म्हणजे उंच कोठार, ज्यात बादल्या लावलेला पट्टा धान्य वर खेचून नेतो. एकदा वर गेलं की ते नळीतून पाण्यासारखं खाली सोडता येतं. मग पोती भरा, शिवा, उचला, फोडा ही सगळी मेहनत वाचते.

पण रेल्वेकडे होता ‘बॉक्सकार’. म्हणजे चारी बाजूंनी बंद मालडबा, ज्याला दोन्ही बाजूंना मोठं सरकतं दार असतं. फर्निचर, खोकी, लाकूड, यंत्रं, काहीही त्यात जायचं. सुटा गहू मात्र असा भरता येईना. सरकत्या दाराच्या कडेला फटी राहतात. शिवाय आतून गव्हाचा रेटा आला की दार बाहेर फुगणार, अडकणार आणि गहू रुळांवर सांडणार.

मग धान्यासाठी वेगळे डबेच का नाही बनवले? कारण हिशेबाचं होतं. धान्याची गर्दी हंगामापुरती. बाकीचे महिने ते डबे उभे राहणार. बॉक्सकार मात्र जाताना शहरातला माल गावाकडे न्यायचा आणि येताना गहू घेऊन यायचा. त्यामुळे डबा तोच ठेवून त्याला धान्यापुरतं एक जादा दार लावायचं ठरलं.

फळ्या बसवायच्या कशा?

दाराची चौकट साधारण ६ फूट रुंद. सरकत्या दाराच्या आतल्या बाजूने, चौकटीच्या दोन उभ्या खांबांवर आडव्या फळ्या ठोकायच्या. खालून सुरुवात करून एकावर एक. वरचा भाग मुद्दाम मोकळा सोडायचा, कारण तिथूनच नळी आत घालून गहू ओतला जायचा आणि तिथूनच तपासनीस आत शिरून नमुना काढायचा.

डबा पूर्ण भरायची गरजही नव्हती. गहू जड असतो, त्यामुळे जागा संपण्याआधीच वजनाची मर्यादा संपते.

त्याआधी डब्याची डागडुजी व्हायची. भिंतीतल्या भेगा, जमिनीतल्या फटी, खिळ्यांची भोकं कागदाने किंवा गोणपाटाने बुजवायची. या कामाला इंग्रजीत पिंपं बनवणाऱ्या कारागिराच्या नावावरून ‘कूपरिंग’ म्हणत. नाव अगदी बरोबर आहे, कारण डब्याला गळकं पिंप समजूनच काम करायचं होतं.

दार धरून कोण ठेवायचं?

आता मला आवडलेला भाग. थोडं गणित करू.

दाराशी गहू ५ फूट, म्हणजे दीड मीटर उंच आहे असं धरा. एक घनमीटर गहू साधारण ७७० किलो भरतो. धान्य खाली जेवढा दाब देतं, त्याच्या अंदाजे ४० टक्के दाब बाजूला देतं. दाराचं क्षेत्रफळ सुमारे २.७ चौरस मीटर. सगळं गुणलं की दारावरचा रेटा येतो सुमारे ६०० किलो वजनाएवढा. हा झाला उभ्या डब्याचा हिशेब. गाडी धक्के खात चालली की आणखी वाढ.

एवढा रेटा खिळे कसे सहन करायचे? खरं तर त्यांच्यावर तो यायचाच नाही. फळ्या खांबांच्या आतल्या बाजूला होत्या. गहू त्यांना बाहेर ढकलायचा, म्हणजे खांबांवर आणखी घट्ट दाबून धरायचा. खिळ्यांचं मुख्य काम गहू येईपर्यंत फळ्या जागेवर ठेवायचं. प्रेशर कुकरचं आतून बसणारं झाकण आठवा, तीच युक्ती.

स्वस्त दार महाग कुठे पडलं?

पहिला खर्च गळतीचा. दाण्याएवढी फट राहिली तरी शेकडो किलोमीटरच्या प्रवासात थरथरत्या डब्यातून गहू गळत राहतो. निघताना केलेलं वजन आणि पोहोचल्यावरचं वजन जुळलं नाही की वाद सुरू : फट राहिली, वजनकाटा चुकला की कोणी चोरलं? माल पाठवणारा रेल्वेकडे भरपाई मागायचा. फळी नीट बसली की नाही यावर कोणाचे तरी पैसे अडकलेले असायचे.

दुसरा खर्च माल उतरवण्याचा. जो रेटा दार घट्ट धरायचा, तोच आता आडवा यायचा. फळ्या पहारीने किंवा यंत्राने उचकटाव्या लागत. दारासमोरचा गहू आपोआप बाहेर यायचा, पण दोन्ही टोकांचा आतच राहायचा. मग माणसं आत जाऊन तो ओढायची. हाताने, किंवा दोरीला बांधलेल्या मोठ्या फावड्याने, ज्याची दोरी यंत्र खेचायचं. सगळं काम धुळीत. मोठ्या बंदरांवर अख्खा डबा पकडून तिरपा करणारी आणि पुढे-मागे झुलवणारी यंत्रं आली, पण ती प्रत्येक ठिकाणी परवडणारी नव्हती.

तिसरा खर्च फळ्यांचा. त्या गोळा करा, दुरुस्त करा, परत पाठवा. पुढे जाड कागदाच्या थरांत पोलादी पट्ट्या घातलेली दारं आली. ती हलकी होती आणि पटकन लागायची, पण मूळ दुखणं तसंच राहिलं.

मग हॉपर आला

उपाय म्हणजे झाकलेला ‘हॉपर’ डबा. छताच्या झडपांतून भरायचा आणि तळाच्या नरसाळ्यांतून रिकामा करायचा. फावडं नको, फळ्या नकोत.

अमेरिकेतल्या सदर्न रेल्वेने १९६० च्या सुमारास ‘बिग जॉन’ नावाचे ॲल्युमिनियमचे हॉपर आणले. एकात सुमारे १०० टन धान्य मावायचं. त्यांच्या जोरावर १९६१ मध्ये कंपनीने भाडं सुमारे ६० टक्के कमी करायचं ठरवलं. नियामक आयोगाने ते रोखलं, नदीतून माल नेणाऱ्या कंपन्यांनी विरोध केला आणि १९६३ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी नवे दर लागू झाले.

कॅनडात सरकारने १९७२ पासून हॉपर विकत घ्यायला सुरुवात केली. तरी बॉक्सकार लगेच गेला नाही. गावोगावच्या हलक्या शाखामार्गांना जड हॉपरचं वजन झेपत नव्हतं. हडसन उपसागरावरच्या चर्चिल बंदराकडे तर १९९० च्या दशकापर्यंत बॉक्सकारमधून धान्य जात होतं.

आपल्या कामाचं काय?

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही रोज असे ‘ग्रेन डोअर’ ठोकतो. जुनी सिस्टीम बदलणं परवडत नाही, म्हणून मध्ये एक छोटा अडॅप्टर लिहितो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. धान्यदाराने खरंच कितीतरी शहरांपर्यंत गहू पोहोचवला. फक्त हिशेब करताना फळीची किंमत लिहून थांबू नका. दुसऱ्या टोकाला धुळीत फावडं मारणाऱ्या माणसाची मजुरीही त्यात धरा. डबा बदलायची वेळ आली की नाही, हे त्या आकड्यावरून कळतं.