ब्याण्णव सेकंदांचं दुखणं

रक्ताचा रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या आधी पेशंटच्या घरी पोहोचतो. लॅबवाला संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकतो. त्यात दोन-तीन आकडे ठळक छापलेले आणि शेजारी वर किंवा खाली तोंड केलेला बारका बाण. डॉक्टर भेटणार उद्या. आणि कर्नाटकाच्या सीमेला टेकलेल्या मैंदर्गीत राहत असाल, तर मोठा डॉक्टर म्हणजे आधी अक्कलकोट, नाहीतर तिथून पुढे चाळीसेक किलोमीटरवरचं सोलापूर. एसटीचं तिकीट, एक बुडालेला रोज, सोबत येणाऱ्याचा दुसरा. तोवरची रात्र त्या बाणाकडे बघत काढायची. हात फोनकडे जाणारच.

या बाणाची गंमत मात्र फारसं कुणी सांगत नाही. ‘नॉर्मल’ची हद्द आखताना साधारणपणे निरोगी माणसांचंच रक्त तपासतात आणि मधल्या ९५ टक्क्यांभोवती कुंपण घालतात. उरलेले पाच टक्के ठणठणीत असूनही कुंपणाबाहेर! आता एका पॅकेजमध्ये एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या असल्या, तर धडधाकट माणसाच्या रिपोर्टवरही निदान एक बाण उमटण्याची शक्यता किती? ६४ टक्के. म्हणजे बाण नसलेला रिपोर्टच जास्त दुर्मीळ. ही साधी बेरीज-गुणाकाराची गोष्ट रिपोर्टच्या तळाशी दोन ओळींत छापली, तर कितीतरी लोकांची झोप वाचेल.

आरोग्याबद्दल गुगलला मिनिटाला सुमारे सत्तर हजार प्रश्न विचारले जातात, असं गुगलच्याच आरोग्य विभागाचे तेव्हाचे प्रमुख डेव्हिड फाइनबर्ग यांनी २०१९ मध्ये सांगितलं होतं. आपला वाटा त्यात वाढला तो आधी २०१६ नंतर स्वस्त झालेल्या डेटामुळे आणि मग आवाजामुळे. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलने आणखी आठ भारतीय भाषांत बोलून शोधायची सोय केली, त्यांत मराठी आणि कन्नड दोन्ही होत्या. याचं मोल पुण्या-मुंबईला तितकंसं कळणार नाही. सीमेच्या या पट्ट्यात कितीतरी घरांत चुलीपाशी कन्नड, कचेरीत मराठी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इंग्रजी. चिठ्ठी वाचता न येणारी बाईदेखील फोनपुढे ‘होट्टे नोवु’ म्हणू शकते, आणि तो पोटदुखीबद्दल बोलायला लागतो.

पण भाषा आणि अंतर एवढंच कारण असतं, तर सोलापुरात मोठ्या हॉस्पिटलच्या समोर राहणाऱ्याने फोन उघडला नसता. तोही उघडतो. डॉक्टर किती वेळ देतात, याचा ६७ देशांचा हिशेब २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात आला. स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. भारत दोन मिनिटांच्या आसपास. केसपेपर काढायला तास, नंबर लागायला दुसरा, आणि आत गेल्यावर दोन मिनिटं! समोरच्या डॉक्टरला दोष देऊन भागत नाही; बाहेर बाकड्यावर आणखी साठ जण खोळंबलेले असतात.

आता यापुढचा आकडा ऐकून मी थक्क झालो. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पेशंटला सुरुवातीला मध्ये न तोडता बोलू द्यायचं आणि गुपचूप घड्याळ लावायचं. ३३५ माणसं. सगळ्यांना भीती असते की माणूस एकदा सुरू झाला की आजोबांच्या दम्यापर्यंत जाणार. प्रत्यक्षात लोक सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. दीड मिनिट! माणसाचं सगळं गाऱ्हाणं एवढ्यात मावतं. आणि अमेरिकेत १९८४ च्या अभ्यासात मोजलं, तेव्हा डॉक्टरांनी पेशंटला सरासरी अठराव्या सेकंदाला तोडलं होतं. उरलेले चौऱ्याहत्तर सेकंद माणूस पोटात घेऊन घरी येतो. फोन त्या चौऱ्याहत्तर सेकंदांचा गिऱ्हाईक आहे.

दुसरी गोष्ट लाजेची, आणि ती इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनी. १९२७ मध्ये र. धों. कर्व्यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. त्यात वाचक पत्रांतून लैंगिक शंका विचारत आणि कर्वे छापील उत्तरं देत. कर्वे कोण? डॉक्टर नव्हे, गणिताचे प्राध्यापक! गावात वैद्य-डॉक्टर असताना माणसं आपलं सर्वांत नाजूक दुखणं एका गणितज्ञाला पोस्टाने कळवत होती, कारण पोस्टाच्या पेटीला तोंड दाखवावं लागत नाही. या प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर खटला झाला. त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं, खटला हरले. प्रश्न विचारणारे मात्र थांबले नाहीत, मासिक १९५३ पर्यंत, कर्वे जाईपर्यंत चाललं.

आणि जिथे ना मासिक पोहोचलं ना डॉक्टर, तिथे काय होतं ते डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत मोजलं. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं; त्यासाठी याआधी कधी तपासून घेतलेल्या जेमतेम आठ टक्के. बाकीच्या अंगावर काढत होत्या. आज त्यांच्या नातींच्या हातात फोन आहे, आणि तो मान वर करून बघत नाही.

मात्र तो उत्तर कसा देतो, ते बघण्यासारखं आहे. मायक्रोसॉफ्टच्या रायन व्हाइट आणि एरिक हॉर्विट्झ यांनी ‘डोकेदुखी’ शोधून काय निघतं ते तपासलं. कॉफी सुटल्याने दुखणारं डोकं आणि मेंदूतली गाठ यांचं माप जवळजवळ सारखं भरलं. खरं तर अशी गाठ वर्षाला दहा हजारांत जेमतेम एकाला होते. मग ती वर कशी आली? चहा चुकला की डोकं चढतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून त्यावर कुणी पानं भरत नाही. गाठीवर मात्र ढिगाने लिहिलं जातं, आणि ते भीतीने उघडलंही जातं. शोधयंत्र पानं आणि बोटं मोजतं, आजारी माणसं मोजत नाही. गावातला डॉक्टर नेमकं उलटं करतो: या आठवड्यात नळाला गढूळ पाणी आलंय आणि सकाळपासून जुलाबाचे डझनभर पेशंट येऊन गेलेत, हे त्याच्या डोक्यात तुम्ही तोंड उघडायच्या आतच असतं.

म्हणून फोन फक्त घाबरवतो, असं मीही धरून चाललो असतो. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच हजार अमेरिकनांना एकेका रोगाची हकिगत देऊन आधी स्वतःच्या अकलेने आणि मग इंटरनेटवर शोधून निदान करायला सांगितलं, तेव्हा बरोबर उत्तरं ४९.८ टक्क्यांवरून ५४ वर गेली आणि काळजी वाढली नाही. (हकिगत दुसऱ्याची होती, हेही खरं, स्वतःच्या छातीत दुखत असताना हिशेब वेगळा.) आता तर यंत्र यादी देत नाही, बोलतं. २०२३ मध्ये लोकांच्या १९५ प्रश्नांना डॉक्टरांनी आणि चॅटजीपीटीने दिलेली उत्तरं तज्ज्ञांपुढे ठेवली. कुणाचं कोणतं हे न सांगता. चारांत तीनहून अधिक वेळा यंत्राचं उत्तर पसंत पडलं. डॉक्टरांची उत्तरं सरासरी ५२ शब्दांची, यंत्राची २११. तज्ज्ञसुद्धा शेवटी वेळ देणाऱ्याकडे झुकले की काय, असं वाटतं.

‘गुगलवर बघून आलोय’ म्हटलं की कितीतरी डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांना शिकवताना पेशंटला मुद्दाम एक प्रश्न विचारायला लावतात: तुम्हाला स्वतःला काय झालं असेल असं वाटतं? फोन बघून आलेला माणूस हे उत्तर तयारच घेऊन आलेला असतो. ‘गाठबिठ तर नसेल ना?’ हे निदान म्हणून बहुधा चूक. पण त्यावर ‘असं का वाटलं?’ एवढं विचारलं, तर गेल्या दिवाळीत याचा थोरला भाऊ त्यानेच गेला, ही केसपेपरवर कुठेच न लिहिलेली गोष्ट पंधरा सेकंदांत बाहेर येते.