मंचावर नेमकं वाजतंय काय?

नवरात्रात सिल्वासाच्या गरब्यात उभे राहा, हळदीच्या रात्री एखाद्या मांडवात बसा किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत चाला. एक वाद हमखास कानावर येतो. "काय वाजवतोय बघ!" असं एक जण म्हणतो. "कसला वाजवतोय, पेन ड्राइव्ह लावलाय. हा नुसता हात फिरवतोय," म्हणून दुसरा त्याला गप्प करतो. तिसऱ्याला दोघांचंही पटत नाही. आवाज दणदणीत आहे, लोक नाचतायत, मग चौकशी कशाला, असं त्याचं म्हणणं.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. मोठ्या कार्यक्रमांत आमच्यासारखे सगळेच शेवटी प्लेचं बटण दाबतात, अशा अर्थाचं 2012 साली कॅनडातला प्रसिद्ध इलेक्ट्रॉनिक संगीतकार डेडमाउस यानं जाहीरपणे लिहिलं आणि चाहत्यांमध्ये दोन तट पडले. काहींना त्याचा प्रामाणिकपणा आवडला, काहींना तो बाकीच्या कलाकारांचा अपमान वाटला. अशी भांडणं सहसा मिटत नाहीत, कारण माणूस एक तर 'वाजवतो' नाहीतर 'लावतो', असं भांडणारे धरून चालतात. विजेच्या वाद्यांच्या बाबतीत या दोहोंच्या मधे बऱ्याच पायऱ्या आहेत. त्या क्रमानं पाहू.

आधी माप ठरवू

सुरुवात वीज न लागणाऱ्या वाद्यापासून करणं सोयीचं. दादरा-नगर हवेलीत आणि शेजारच्या पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर भाताच्या कापणीच्या दिवसांत तारपा वाजतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या, आत जिभल्या, सांधे बुजवायला मेण आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा, अशी त्याची बांधणी. वादक गालात साठवलेली हवा वाद्यात सोडत असतानाच नाकानं श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून त्याच्याभोवती फेर धरतात. वारली चित्रांत दिसणारं नाचणाऱ्यांचं वेटोळं ते हेच. वादकानं चाल बदलली की पावलं बदलतात. फेर रंगला असेल तर तो तीच चाल ताणतो, मंदावला असेल तर दुसरी काढतो.

यातून आपल्याला दोन प्रश्न मिळतात. या घडीला निर्णय कोण घेतंय? आणि समोरच्या माणसांमुळे तो निर्णय बदलू शकतो का? हात किती हलले, घाम किती आला, हे प्रश्न त्यानंतरचे. आता हेच माप घेऊन विजेच्या वाद्यांकडे जाऊ.

कीबोर्डची पट्टी दाबली की

लग्नातल्या किंवा गरब्यातल्या कीबोर्डवर बासरीचा आवाज निघतो, तेव्हा आत बासरी नसते. खऱ्या बासरीचे छोटे छोटे तुकडे आधी ध्वनिमुद्रित करून यंत्रात साठवलेले असतात. पट्टी दाबली की त्यातला योग्य तुकडा योग्य उंचीवर वाजतो. पट्टी किती वेगानं खाली गेली हेही यंत्र मोजतं आणि त्यावरून आवाज हलका की जोरकस ते ठरतं. शेजारचं चाक फिरवून सूर वर-खाली सरकवता येतो. मींडेचा भास त्यानंच होतो. आवाज उसना असला तरी कुठला सूर, कधी, किती जोरात आणि कुठे सरकवायचा, हे सगळं वादकाचं. आपल्या मापानं हे वाजवणंच झालं.

पुढची पायरी साथीची. अनेक कीबोर्डांत ठेका, बास आणि गिटार यांच्या तयार 'स्टाइल' असतात. वादक डाव्या हातानं कॉर्ड धरतो, यंत्र त्या कॉर्डप्रमाणे पूर्ण साथ उभी करतं. मुखडा संपून अंतरा येताना एक बटण, तोडा हवा असेल तर दुसरं, शेवट करायला तिसरं. इथे ठेक्याची प्रत्येक मात्रा यंत्र वाजवतं, पण गाण्याची वाट वादक ठरवतो. गायिकेनं अंतरा पुन्हा घेतला तर तो तिच्याबरोबर मागे वळू शकतो.

या सगळ्याच्या मुळाशी 1983 साली आलेली मिडी ही पद्धत आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू लागली ती तिच्यामुळे. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. अमुक क्रमांकाचा सूर, 0 ते 127 पैकी इतक्या जोरानं, आता सुरू, आता बंद, एवढ्या सूचना जातात. ती पाककृती आहे, शिजलेला पदार्थ नव्हे. म्हणून मिडीत साठवलेलं गाणं ऐन वेळी दोन स्वर खाली आणता येतं, त्याची लय वाढवता येते, बासरी काढून सनई लावता येते. ध्वनिमुद्रित ट्रॅकमध्ये असे बदल मर्यादेतच जमतात. जास्त ताणलं की आवाज फाटका वाटू लागतो. दुरून 'लावलेलं' म्हणून दोन्ही सारखंच दिसतं, पण एकात वादकाला वळायला जागा असते आणि दुसऱ्यात फार कमी.

काठी मारली म्हणजे वाजवलं?

ऑक्टोपॅड पाहिला की प्रेक्षकांचा विश्वास लगेच बसतो, कारण तिथे काठ्या फिरताना दिसतात. रोलँड कंपनीनं 1985 साली आणलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडला स्वतःचा आवाजच नव्हता. आठ रबरी चौकोनांवर बसलेला घाव तो ओळखायचा आणि मिडीनं दुसऱ्या यंत्राला कळवायचा. नंतरच्या पॅडांत आवाज आतच आले. एका चौकोनावर ढोल, दुसऱ्यावर ढोलक, तिसऱ्यावर झांज लावून चांगला वादक हींच आणि केरवा हे ताल असे वाजवतो की डोळे मिटल्यावर चार जणांचा ताफा वाटावा.

पण त्याच चौकोनावर आठ मात्रांचा तयार तुकडाही ठेवता येतो. एक टोला मारला की तो आपोआप फिरत राहतो आणि त्यावर काठ्या हवेत कितीही नाचवता येतात. म्हणजे हालचाल हा पुरावा नाही. उलट मान खाली घालून एकच बटण फिरवणारा माणूस आवाजाचा पोत क्षणाक्षणाला बदलत असू शकतो. ओळखायचं असेल तर काठीकडे पाहत ऐका. घाव हलका झाल्यावर आवाज हलका होतो का? काठी थांबल्यावर ठेका थांबतो का?

ट्रॅक आणि कानातली टिकटिक

सिनेमातल्या गाण्यात व्हायोलिनचा ताफा असतो आणि मंचावर पाच जण. उरलेले आवाज ट्रॅकमधून येतात. साधी युक्ती अशी, की एकाच फाइलच्या डाव्या बाजूला टिकटिक भरायची आणि उजव्या बाजूला संगीत. उजवी बाजू स्पीकरला जाते, डावी फक्त वादकांच्या कानातल्या इअरफोनला. सगळे त्या टिकटिकीवर वाजवतात, म्हणून ट्रॅक आणि हात जुळून राहतात.

याची किंमत लयीत मोजावी लागते. गरबा खेळणारे पेटले की जुना ढोलवादक लय हळूहळू चढवत नेतो. ट्रॅकला खेळणारे दिसत नाहीत. त्याची चढण आधीच आखलेली असते, आणि त्या क्षणी लोक दमलेले असले तरी ती येतेच. गायकानं हौसेनं एक आवर्तन जास्त घेतलं तर ट्रॅक पुढे निघून जातो. ट्रॅकवर वाजवणाऱ्यांचं कौशल्य खोटं नसतं, फक्त समोर पाहून निर्णय घेण्याची मुभा त्यांनी आधीच सोडून दिलेली असते.

ही मुभा परत मिळवायचाही मार्ग आहे. बर्लिनच्या एबलटन कंपनीनं 2001 साली आणलेल्या 'लाइव्ह' या सॉफ्टवेअरमध्ये गाणं छोट्या तुकड्यांत ठेवता येतं. कुठला तुकडा कधी आणायचा हे कलाकार ठरवतो. बटण थोडं लवकर दाबलं तरी तुकडा पुढच्या आवर्तनाच्या समेवरच सुरू होईल, अशी सोय करता येते. लय चुकण्याची भीती यंत्र घेतं, निवड माणसाकडे राहते. अडचण एवढीच, की ही निवड लॅपटॉपच्या पडद्यामागे होते आणि प्रेक्षकाला ती दिसत नाही.

डीजे काय करतो?

डीजे दुसऱ्यांची गाणी लावतो, हे तर उघडच आहे. मग त्याचं काम कुठे? दोन गाण्यांच्या जोडावर. एकाची लय मिनिटाला 120 मात्रा आणि दुसऱ्याची 121 असेल, तर दोन्ही एकत्र सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात ती अर्ध्या मात्रेनं सुटतात आणि ठेका अडखळल्यासारखा होतो. पूर्वी डीजे हेडफोनमध्ये पुढचं गाणं ऐकत तबकडीचा वेग सरकपट्टीनं जुळवायचा. तबकडीचा वेग सहा टक्क्यांनी वाढवला की सूर साधारण अर्धा स्वर वर चढतो, म्हणून सुराचंही भान लागायचं. आज 'सिंक'चं बटण लय जुळवून देतं आणि सूर जागेवर ठेवण्याची सोयही यंत्रातच असते.

जुने डीजे यावर चिडतात. पण तारप्याचं माप लावलं, तर हाताची कसरत हा डीजेच्या कामाचा एक भाग होता. दुसरा भाग म्हणजे समोरचा जमाव पाहून पुढचं गाणं निवडणं, आणि तो कुठलंही बटण करून देत नाही. घरून दोन तासांचं मिश्रण करून आणणारा आणि सिंक वापरून दर गाणं जमाव पाहून निवडणारा, या दोघांत फरक आहे तो इथे.

मोठ्या महोत्सवांत हा दुसरा भागही आटतो. प्रकाश, मागचा प्रचंड पडदा, धूर आणि आतषबाजी एकाच कालखुणेला बांधलेली असली, की कलाकारानं ऐन वेळी गाणं बदलणं म्हणजे सगळ्या चमूची घडी विस्कटणं. देखावा जेवढा अचूक, तेवढे वाजवणाऱ्याचे हात बांधलेले.

मग खोटं कुठे असतं?

यंत्र वापरण्यात नक्कीच नाही. मुंबईचे चरणजित सिंग हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. 1982 साली त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक तबकडी काढली. ठेका टीआर-808 या यंत्राचा, रागाची चाल त्यांच्या हाताची. तेव्हा तिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. 2010 साली ती पुन्हा निघाली, जगभर गाजली, आणि उतारवयात त्यांनी ते संगीत परदेशी मंचांवर सादर केलं. जर्मनीच्या क्राफ्टवेर्क बँडनं तर एका गाण्यापुरत्या मंचावर स्वतःच्या जागी यांत्रिक बाहुल्या उभ्या केल्या. चाहत्यांना ती गंमत वाटली, कारण काहीही लपवलेलं नव्हतं. याउलट मिली व्हॅनिली या जोडीचा ग्रॅमी पुरस्कार 1990 साली काढून घेण्यात आला. आवाज दुसऱ्या गायकांचे होते आणि ओठ यांनी हलवले होते.

या तिन्हींतून एक गोष्ट दिसते: प्रामाणिकपणा यंत्रावर नाही, दाव्यावर ठरतो. ट्रॅक लावून "ट्रॅकवर गातो" म्हणणारा कलाकार खरा. जोडणी काढलेल्या कीबोर्डवर बोटं नाचवून "लाइव्ह बँड" म्हणवणारा खोटा, मग त्याच्या घामाचे कितीही थेंब पडोत. आज तारप्याचा सूरही कीबोर्डवर आणि डीजेच्या गाण्यांत ऐकू येतो. त्यात गैर काही नाही. पण तयार तुकडा लावून त्याला तारपावादन म्हणणं गैर, कारण मग गालात हवा धरून रात्र जागवणारा वादक यजमानाला महागडा आणि अनावश्यक वाटू लागतो.

ठराव करताना

बँड किंवा डीजे ठरवताना चार गोष्टी विचारा. कुठले आवाज मंचावर वाजतील आणि कुठले ट्रॅकमधून येतील? गाण्याची पट्टी आणि लय ऐन वेळी बदलता येईल का? फर्माईश आली तर ती वाजवता येईल, की यादी पक्की आहे? डीजे तयार मिश्रण लावणार की तिथे उभा राहून निवडणार? कुठलंही उत्तर वाईट नाही, फक्त प्रत्येकाचं मोल वेगळं असायला हवं. पाच वादकांचे पैसे देऊन पेन ड्राइव्ह ऐकणं हा तोटा. ठरवून ट्रॅकवरचा गायक बोलावणं हा सरळ व्यवहार. आणि ही विचारपूस ठरावाच्या वेळीच करा. मांडवात स्पीकर लागल्यावर केली, तर तिचं भांडण व्हायला वेळ लागत नाही.