आवाजाने लॅप कमी होत नाही

कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकवर हौशी चालकांचा दिवस असला, की मस्टँग किंवा कॅमॅरोसारख्या एखाद्या मसल कारच्या मागे वाकडी नळी हमखास दिसते. एक्झॉस्टचे तोंड मुद्दाम एका बाजूला वळवलेले असते. ट्रॅकच्या कडेला ध्वनिमापक आहे आणि बहुतेक दिवशी मर्यादा 90 ते 92 डेसिबलची. ती ओलांडली की काळा झेंडा दाखवतात आणि गाडी पिटमध्ये घ्यावी लागते. म्हणून आवाज मापकाच्या उलट दिशेला फेकायचा. कनेक्टिकटमधल्या लाइम रॉक पार्कला तर शेजाऱ्यांनी कोर्टात मिळवलेल्या जुन्या आदेशामुळे रविवारी शर्यतीच होत नाहीत. तक्रारींपायी ट्रॅकच बंद पडले, तर या गाड्या पळवायच्या कुठे? मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद, हा समज मला म्हणूनच धोक्याचा वाटतो. आपल्याकडे बुलेटचा सायलेन्सर बदलून फटाके वाजवत फिरणाऱ्यांचाही समज तोच.

या समजाला इतिहासही आहे. 1971 पर्यंत अमेरिकी कंपन्या माहितीपत्रकात ‘ग्रॉस’ हॉर्सपॉवर छापत. इंजिन चाचणीच्या स्टँडवर चढवायचे, गाडीचा सायलेन्सर जोडायचा नाही, पंखा-अल्टरनेटरचा भार घालायचा नाही आणि मग ताकद मोजायची. 1971 च्या कॅमॅरो झेड/28 चे इंजिन या हिशेबाने 330 हॉर्सपॉवरचे. सगळा सरंजाम जोडल्यावर तेच 275 चे. पुढच्या वर्षापासून ‘नेट’ आकडा रूढ झाला. मधल्या 55 घोड्यांचा आळ मात्र एकट्या सायलेन्सरवर राहिला. आजच्या मस्टँग-कॅमॅरोंचे कंपनीचे एक्झॉस्ट मुळातच ऐसपैस असतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा भाग बदलला तर आवाज भरपूर वाढतो, ताकद जेमतेम.

या इंजिनांची ती गुरगुर येते कुठून? व्ही-8 मध्ये दोन्ही बाजूंना चार-चार सिलिंडर, आणि क्रँकशाफ्ट 90 अंश फिरला की एकात ज्वलन. एकूण ताल अगदी समान. पण जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनात ज्वलनाचा क्रम 1-8-7-2-6-5-4-3 असा आहे. विषम क्रमांक एका बाजूचे, सम दुसऱ्या. आता फक्त विषम बाजू ऐका: ठोक्यांमधले अंतर 180, 270, 180 आणि 90 अंश. कधी दोन ठोके लागोपाठ येतात, कधी मोठी फट पडते. या लंगड्या तालालाच आपण मसल कारचा आवाज म्हणतो. फोर्डने शेल्बी जीटी350 च्या 5.2 लिटर इंजिनात क्रँकशाफ्टची रचना बदलून दोन्ही बाजूंचे ठोके समान अंतरावर आणले. 8,250 आरपीएमपर्यंत चढणारे ते इंजिन गुरगुरत नाही, किंचाळते.

ताकदीचे खरे काम सायलेन्सरच्या पुष्कळ आधी, हेडरमध्ये म्हणजे इंजिनाला जोडलेल्या नळ्यांच्या जुडग्यात होते. एसटी वेगाने गेली की रस्त्यावरचा पाचोळा तिच्यामागे ओढला जातो. नळीतून सुटलेल्या वायूच्या झोतामागेही दाब असाच कमी होतो. चार नळ्या जिथे एकत्र येतात तिथे हा कमी दाब नेमक्या वेळी पोचला, तर पुढच्या सिलिंडरमधला जळका वायू आपोआप ओढला जातो आणि ताज्या हवेला जागा होते. ही वेळ किती आरपीएमला साधायची, हे नळीची लांबी ठरवते. नळी गरजेपेक्षा जाड घेतली तर वायूचा वेग मंदावतो आणि वळणातून बाहेर पडताना हवा असलेला जोर जातो. आवाज मात्र तेव्हाही दणदणीतच असतो.

दुखणी सुरू होतात ती उष्णतेने. ट्रॅकवर सलग वीस मिनिटे गाडी ताणली की हेडर लालसर दिसू लागतात. 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलची एक मीटर नळी 600 अंशांनी तापली तर सुमारे एक सेंटिमीटर वाढते. त्या वाढीला वाव नसेल, तर नळ्या जुळतात त्या वेल्डिंगवर केसासारखी चीर पडते किंवा इंजिनाकडचा बोल्ट तुटतो. मग सकाळी थंड गाडी सुरू करताच बारीक टकटक येते आणि दोन-चार मिनिटांत थांबते. मालक निर्धास्त होतो. प्रत्यक्षात धातू फुगून फट तात्पुरती बुजलेली असते. चीर मोठी झाली की दोन झोतांच्या मधल्या क्षणी त्यातून बाहेरची हवा आत शिरते. ऑक्सिजन सेन्सरला वाटते इंधन कमी पडतेय. संगणक विनाकारण जास्त पेट्रोल सोडतो. त्यात तापलेल्या हेडरला टेकून स्पार्क प्लगची टोपी वितळली, तर ठिणगी चुकते आणि न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते. आतली जाळी वितळते, वाट तुंबते आणि गाडी चढावर दम टाकते. अशा वेळी कन्व्हर्टरच काढून टाकणारे भेटतात. रस्त्यावरच्या गाडीत अमेरिकी कायद्याने ते बेकायदा आहे, आणि आजाराचे मूळ तर स्पार्क प्लगपाशी तसेच राहते. गळतीतून केबिनमध्ये शिरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हेही विसरू नये.

ट्रॅकवरून घरी परततानाचा त्रास वेगळाच. हायवेवर 1,800 आरपीएमला व्ही-8 चे सेकंदाला 120 ठोके पडतात. त्या कंपनसंख्येला केबिन घुमू लागते. तासाभरात डोके दुखते. यावर चांगला इलाज आहे. मुख्य नळीला एक बंद टोकाची फांदी जोडायची, लांबी त्या ध्वनिलहरीच्या पाव. फांदीच्या टोकावरून परतणारी लहर मूळ लहरीला मारते आणि वायूच्या वाटेत काहीच आडवे येत नाही. लांबीचे गणित तापमानावर ठरते: साध्या हवेत सुमारे 71 सेंटिमीटर, 300 अंशांच्या वायूत जवळपास एक मीटर. फांदीतला वायू मुख्य नळीपेक्षा थंड असल्याने खरे माप कुठेतरी मध्ये सापडते. म्हणून अनुभवी फॅब्रिकेटर नळी आधी लांब ठेवतो, गाडी हायवेवर फिरवून आणतो आणि मग थोडी थोडी कापत जातो.