तोटा खायला शिकवणारे उस्ताद

चिनी युद्धकलेचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो ब्रूस ली. पिळदार उघडं अंग आणि विजेसारखी लाथ! त्याचा गाजलेला ‘एंटर द ड्रॅगन’ आला १९७३ साली. त्याच्या नऊ वर्षं आधी, १९६४ मध्ये, साठी ओलांडलेले एक चिनी गृहस्थ न्यूयॉर्कला येऊन राहिले. अंगात लांब चिनी झगा, आणि हालचाल इतकी संथ की पाण्यात चालताहेत असं वाटावं. त्यांचं नाव चेंग मान-चिंग. आज अमेरिकेतल्या बागांमधून ताई ची करणारी माणसं दिसतात, त्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

ताई ची हा मुळात लढण्याचाच प्रकार. फक्त त्यात ताकदीला ताकद भिडवायची नसते. समोरून रेटा आला की त्याला वाट द्यायची, त्याचा तोल जाऊ द्यायचा आणि मग हलकेच ढकलायचं. ऐकायला सोपं आहे. करायला गेलं की आपलेच खांदे आपलं ऐकत नाहीत.

चेंग हे झेजियांग प्रांतातल्या वेंजौचे. लहानपणी डोक्यावर वीट पडून ते बरेच दिवस बेशुद्ध होते. पुढे त्यांना एका चित्रकाराच्या हाताखाली ठेवलं, आणि मिसरूड फुटायच्या वयात ते चित्रांवर घरखर्चाला हातभार लावू लागले. चित्रकला, काव्य, सुलेखन, वैद्यकी आणि ताई ची, अशा पाच विद्यांत निपुण म्हणून त्यांची पुढे ख्याती झाली. पण पाचवी विद्या त्यांच्याकडे आली ती आजारपणामुळे. ऐन तारुण्यात त्यांना क्षय झाला, आणि त्या काळी क्षयावर हमखास औषध नव्हतं. ताई चीने प्रकृती सावरली, तेव्हा त्यांनी त्या काळचे सर्वांत नामांकित गुरू यांग चेंग-फू यांचं शिष्यत्व पत्करलं. यांगबाईंचं दुखणं चेंग यांनी बरं केलं आणि त्या उपकारापोटी गुरूंनी हात न राखता शिकवलं, असं सांगतात.

यांग यांचा सारा भर एका शब्दावर होता. तो चिनी शब्द आपल्या कानाला ‘सोंग’ असा ऐकू येतो. अर्थ मात्र नेमका उलटा: अंगातला ताठा, ओढून आणलेला आव सगळा सोडून द्यायचा. रोज तेच ऐकूनही चेंग यांना ते जमेना. मग एका रात्री आपले दोन्ही हात मोडले आहेत असं स्वप्न त्यांना पडलं. जाग आल्यावर बाहुलीच्या हातांसारखे आपले हात खांद्यापासून सैल लोंबताहेत, असं त्यांना जाणवलं. हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

१९३७ मध्ये जपानशी युद्ध पेटलं. हुनान प्रांतात त्यांना थोड्या अवधीत बऱ्याच लोकांना तयार करायचं होतं. यांग यांची मूळ मालिका चांगली लांबलचक, पवित्रे पुन्हा पुन्हा येणारे. चेंग यांनी पुनरावृत्ती काढली आणि ३७ पवित्र्यांची आटोपशीर मालिका बांधली. जुन्या वळणाच्या लोकांनी नाकं मुरडली, अजूनही मुरडतात. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, काटछाटीत काहीतरी जातंच. पण कामाधामाच्या माणसाला रोज सकाळी दहा-एक मिनिटं काढता येतात, हा हिशेब या उस्तादांना कळला होता.

१९४९ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि चेंग तैवानला गेले. तिथून न्यूयॉर्क. चायनाटाऊनमधल्या कॅनाल स्ट्रीटवर त्यांचा वर्ग भरू लागला. आता ही वस्ती आपलं दार लावून का बसली होती, हे ध्यानात घ्यायला हवं. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केला. तो १९४३ मध्ये उठला, तरी वर्षाला जेमतेम १०५ चिन्यांना प्रवेश मिळे. अशा समाजाने आपली विद्या परक्यांपासून राखून ठेवली, तर दोष कुणाला द्यायचा? चेंग यांच्याकडे मात्र दाढ्या-केस वाढवलेली गोरी पोरं, काळे तरुण, स्त्रिया, सगळे येऊ लागले. वस्तीतल्या काही प्रतिष्ठितांना हे खपेना. चेंग तैवानला गेलेले असताना या मंडळींना बाहेर ठेवून दाराला कुलूप लागलं. परत आल्यावर गुरुजींनी कुणाची बाजू घ्यावी? त्यांनी पोरांची घेतली. बावरी रस्त्यावर नवी जागा पाहिली आणि वर्ग पुन्हा सुरू झाला.

त्यांना इंग्रजी फारसं येत नसे. दुभाष्याचं काम करणाऱ्यांत एड यंग होते, मुलांच्या पुस्तकांचे नामवंत चित्रकार. त्यांना पुढे १९९० मध्ये कॅल्डेकॉट पदक मिळालं. विद्यार्थी चेंग यांना नुसतं ‘प्रोफेसर’ म्हणत. वर्गात कन्फ्यूशियसवर व्याख्यान होई, सुलेखन होई, रोग्यांची नाडीही पाहिली जाई. आणि जोडीजोडीने हात भिडवून ढकलण्याचा सराव चाले, तेव्हा प्रोफेसर एकच सांगत: तोटा खायला शिका. चिनी भाषेतला हा साधा बोलीतला शब्दप्रयोग आहे. ज्याला हरायचंच नसतं तो ताठतो, आणि ताठलेल्या माणसाला ढकलणं सर्वांत सोपं. धट्टीकट्टी तरुण पोरं भिंतीवर जाऊन आदळत, हसत उठत आणि पुन्हा समोर उभी राहत.

१९७४ मध्ये ‘यी जिंग’ या प्राचीन ग्रंथावरचं आपलं पुस्तक पुरं करायला ते तैवानला गेले. मार्च १९७५ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. न्यूयॉर्कच्या वर्गातली पोरं पुढे स्वतःच शिक्षक झाली. प्रोफेसरांवरचा माहितीपट २०१६ मध्ये आला, त्यात हीच पोरं, आता पिकल्या केसांची, त्या काळाच्या आठवणी सांगताना दिसतात.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)