पिंगमागची रांग

लॅग म्हणजे उशीर. माउसवर बोट दाबल्यापासून ती हालचाल खेळाच्या सर्व्हरवर पोहोचून तिचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत वेळ जातो. त्यातला नेटवर्कचा वाटा ‘पिंग’ या आकड्यात मोजतात आणि तो आकडा मिलीसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत असतो. नेमबाजीच्या खेळात पिंग ३०-४० असला की सगळं हाताशी असल्यासारखं वाटतं. शंभरापुढे गेला, की भिंतीआड पोहोचल्यावरही गोळी लागल्याच्या तक्रारी सुरू होतात. त्यातही जास्त पिंगपेक्षा हेलकावे खाणारा पिंग अधिक छळतो. कायम ७० असेल तर हात त्याला सरावतो. ३०चा एकदम २०० झाला, की भल्याभल्यांचा नेम चुकतो.

लॅग आला की घरोघरी पहिला उपाय होतो तो मोठा प्लॅन घेण्याचा. पैसे जातात, पिंग जागचा हलत नाही. कारण खेळाला डेटा फार थोडा लागतो. ‘व्हॅलोरंट’चा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा, म्हणजे दर आठ मिलीसेकंदांच्या आत खेळाची स्थिती ताजी करतो, पण दर खेपेला ये-जा करणारी डेटाची पुडकी, म्हणजे पॅकेट, चिमुकली असतात. एक-दोन एमबीपीएसमध्ये बहुतेक खेळांचं भागतं. तीनशे एमबीपीएसचा प्लॅन शंभर जीबीचा खेळ लवकर उतरवून घेतो, इतकंच.

उशिराचा एक भाग निव्वळ अंतराचा असतो आणि तो कोणत्याही सेटिंगला बधत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर अंदाजे ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन ३९ मिलीसेकंद तर भौतिकशास्त्रच घेणार. प्रत्यक्षात केबल वळसे घेत जाते आणि वाटेत यंत्रंही लागतात, त्यामुळे आकडा आणखी वाढतो. म्हणून सर्व सेटिंग्जमध्ये सर्वांत मोलाची सेटिंग खुद्द खेळातच असते: सर्व्हर कुठला हे निवडण्याची. मुंबईचा सर्व्हर उपलब्ध असताना खेळ चुकून सिंगापूरला जोडलेला असेल, तर बाकीची सगळी खटपट वाया.

दुसरा भाग घरातला असतो आणि तो पकडणं सोपं आहे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी घरच्याच राउटरला पिंग करावं. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा त्यासारखा असतो. लॅन केबलवर उत्तर एका मिलीसेकंदाच्या आत येतं. वाय-फायवर मात्र २, ३, २, ८५, ४ असे आकडे दिसू लागले, तर दोष नेट देणाऱ्या कंपनीचा नाही, हवेचा आहे. वाय-फायमध्ये एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. इमारतीतले वीस राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात कोंबलेले असतात, तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गुणगुणतो. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण भिंत ओलांडताना तो लवकर दमतो. या सगळ्यावर शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालणारी कॅट-५ई केबल हा उतारा जुनाट दिसतो. पण त्याच्या तोडीचा दुसरा नाही.

तरीही केबल लावलेल्या घरात, कुणी मोबाइलवरचे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की पिंग ३०वरून ३००वर जातो. २०१० साली बेल लॅब्जमधले संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांना आपल्या घरच्या जोडणीवर असाच अवाजवी उशीर आढळला आणि त्यांनी त्याचा छडा लावला. मोडेम आणि राउटर बनवणाऱ्यांनी एकही पॅकेट गळू नये म्हणून त्यांत भरपूर मेमरी घातली होती. परिणामी पॅकेट गळत नव्हती, रांगेत तुंबत होती. या तुंबण्याला ‘बफरब्लोट’ हे नाव पडलं. हिशोब सोपा आहे. १५०० बाइटचं एक पॅकेट १० एमबीपीएसच्या अपलोडवरून बाहेर पडायला १.२ मिलीसेकंद घेतं. फोटोंची अशी २०० पॅकेट पुढे उभी असली, की खेळाच्या एका इवल्या पॅकेटला २४० मिलीसेकंद खोळंबावं लागतं. महिन्याची यादी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकामागे नुसती काडेपेटी हवी असलेला पोरगा उभा राहावा, तसं.

यावरचा इलाज कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये ‘कोडेल’ या पद्धतीच्या रूपाने मांडला. ती रांगेच्या लांबीऐवजी पॅकेट किती वेळ ताटकळलं हे पाहते आणि पाच मिलीसेकंदांहून जास्त थांबणं रेंगाळत राहिलं, तर काही पॅकेट टाकून देते, म्हणजे पाठवणारा आपोआप हात आखडता घेतो. पुढे तिला प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग लावण्याची जोड मिळाली. काही राउटरांत ही सोय ‘एसक्यूएम’ नावाने असते, काहींत ‘क्यूओएस’मध्ये दडलेली असते. ती चालू करून मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के एवढी मर्यादा घालायची. थोडा वेग मुद्दाम सोडायचा तो एवढ्यासाठी, की रांग मोडेममध्ये लागण्याऐवजी राउटरमध्ये लागावी. तिथे ती आवरता येते. राउटरमध्ये ही सोय नसेल तर फोटोंचा बॅकअप आणि विंडोज अपडेट रात्री उशिरावर ढकलणं हा गरिबाचा एसक्यूएम.

खुद्द संगणकातल्या ‘जादुई’ सेटिंग्जचं मात्र कौतुकच फार. विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून ‘नेगल’ बंद करा, हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. जॉन नेगल यांनी १९८४मध्ये ही पद्धत सुचवली ती एकेक अक्षर पाठवताना एका बाइटमागे ४० बाइटांचं वेष्टन जाऊ नये म्हणून. लहान तुकडे जमवून एकत्र धाडायचे. ती डेटा पाठवण्याच्या ‘टीसीपी’ या रीतीवर लागू होते. नेमबाजीचे बहुतेक खेळ ‘यूडीपी’ या दुसऱ्या रीतीवर चालतात, त्यांना तिचा वाराही लागत नाही. ‘नेटवर्क थ्रॉटलिंग इंडेक्स’ची गतही तीच. गाणी-चित्रफिती चालू असताना इतर वाहतुकीला मिलीसेकंदाला दहा पॅकेटची मर्यादा घालणारी ही सोय विंडोज व्हिस्टाच्या काळातली. सेकंदाला दहा हजार पॅकेट. खेळाला लागतात काही शे. डीएनएस बदलल्याने सर्व्हरचं नाव शोधण्याचं काम जरा लवकर होईल, पण सामना सुरू झाल्यावर त्याचा संबंध संपतो.

खेळातल्या मित्रांच्या खोलीत शिरताच येत नाही किंवा आवाज पोहोचत नाही, ही अडचण वेगळी. ती नेटवरच्या पत्त्यांची असते. राउटरमध्ये ‘यूपीएनपी’ चालू केलं की बहुधा सुटते. कंपनीने अनेक घरांना मिळून एकच पत्ता दिला असेल, तर पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. तिथे आयपीव्ही६ चालू करून पाहावं किंवा स्वतंत्र पत्ता मागून घ्यावा.

घरात सगळं ठीक असून रोज रात्री नऊ ते अकरा पिंग चढत असेल, तर गर्दी कंपनीच्या जाळ्यात असण्याचीच शक्यता जास्त. सकाळच्या आणि रात्रीच्या पिंगचे आकडे, सोबत ‘ट्रेसरूट’ने दाखवलेली वाट, असं जोडून तक्रार केली की ‘राउटर बंद-चालू करा’ याच्या पुढे बोलणं सरकतं. वाट बदलणं कंपनीच्याच हातात असतं.