सफरचंदाचा रस, कोंबुचाचे विरजण आणि वडशाची हद्द

कोंबुचा या आंबवलेल्या चहावर तरंगणाऱ्या जाड, ओलसर चकतीस पुष्कळ लोक आळंबीचा प्रकार समजतात, आणि पावसाळ्यात रानातल्या सात्या नावाच्या आळंब्या ज्या मुलखात आवडीने शिजवल्या जातात त्या वडसा-देसाईगंजाकडे तर हा समज सहज रुजावा; वस्तुतः ती चकती म्हणजे ॲसिटिक आम्ल निर्माण करणाऱ्या जीवाणूंनी विणलेला सेल्युलोजचा पापुद्रा असून, खालच्या द्रवात त्या जीवाणूंच्या जोडीने यीस्टही नांदत असते.

याहून घातक गैरसमज असा की, हेच विरजण सफरचंदाच्या रसात घातले असता रस केवळ आंबट होतो आणि त्यात मद्यार्क उत्पन्न होत नाही. खरा क्रम निराळा आहे. यीस्ट प्रथम साखरेपासून मद्यार्क व कर्बवायू तयार करते, आणि त्यानंतरच जीवाणू हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने त्या मद्यार्काचे आम्ल करतात. शंभर मिलिलिटर रसात सुमारे दहा ग्रॅम साखर असते, ती सगळी यीस्टच्या वाट्यास गेली तर मद्यार्काचे प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर, म्हणजे बिअरच्या पंक्तीस, जाऊन बसते. बरणीचे तोंड फडक्याने बांधलेले असेल तर रस कालांतराने शिरक्याकडे वळतो. परंतु बाटलीस घट्ट बूच बसवले की प्राणवायूअभावी जीवाणू थंडावतात, यीस्टचा उद्योग मात्र अव्याहत चालू राहतो, आणि वाढत्या दाबाने एखादे वेळी काचही फुटते.

डबाबंद रस चालतो काय? त्यात सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट असेल तर विरजण नीट लागत नाही. उष्णतेने काम लवकर उरकते हेही एका मर्यादेपर्यंतच खरे. पंचवीस-तीस अंशांत सुखाने वाढणाऱ्या या जीवांना इकडचा पंचेचाळीस अंशांचा वैशाख मानवत नाही. तांब्या-पितळेची भांडी तर वर्ज्यच, कारण आम्लाने धातू रसात उतरतो.

राहिला कायदा. वैनगंगेपलीकडच्या ब्रह्मपुरीत, चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठली. नदीच्या अलीकडे, वडशासह सबंध गडचिरोली जिल्ह्यात, १९९३ पासूनचा बंदीचा अंमल कायम आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने मद्याच्या व्याख्येत मद्यार्क असलेले सर्व द्रव घेतले आहेत, आणि अन्नसुरक्षेचे नियम अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेल्या पेयास मद्यपेय मानतात. ‘घरचे आहे, फळांचे आहे, विकावयाचे नाही’ ही सबब त्या व्याख्येपुढे टिकणारी नव्हे. मोहफुलांचा सडवा जप्त होऊन जमिनीवर ओतला जातो, तेव्हा काश्मिरी सफरचंदाचा आंबलेला रस केवळ फळाच्या प्रतिष्ठेमुळे सुटावा, ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही.

सबब ज्यांना या प्रयोगाचे कुतूहल आहे अशा वडसेकरांनी बरणी भरण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या दप्तरी रीतसर चौकशी करावी.