गांव एक, पत्ते चार

शिरूर अनंतपाळ येथील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या दिवाळींत आम्ही चार दिवस होतों. घर मोठें, दोघे भाऊ तेथेंच, बाकीचे पुणें, हैदराबाद व परदेश असे पांगलेले. सर्वजण सणास जमले असतां एका पुतण्यानें माळ्यावरील जुन्या कागदांचें गाठोडें उतरविलें, प्रत्येक कागदाचें छायाचित्र घेतलें आणि तीं सारीं संगणकांत नीट लावून ठेविलीं: आधीं जिल्हा, त्याखालीं तालुका, त्याखालीं गांव, त्याखालीं साल. व्यवस्था पाहून आम्हांस कौतुकच वाटलें. तिसऱ्या दिवशीं दोघां भावांत विहिरीच्या हिश्श्यावरून बोलाचाली झाली, आजोबांच्या वेळचें खरेदीखत हवें झालें, आणि तें कांहीं केल्या सांपडेना.

गांव जागचें हललें नव्हतें, पण त्याचा पत्ता हलला होता. शिरूर पूर्वीं निलंगे तालुक्यांत असे, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत निलंगे तालुका बिदर जिल्ह्यांत मोडे. पुढें तो उस्मानाबादेंत आला. १९८२ सालीं लातूर जिल्हा निराळा झाला. १९९९ सालीं शिरूर अनंतपाळ हा स्वतःच तालुका बनला. भरीला २०२३ मध्यें उस्मानाबादचें धाराशिव झालें! एकाच शेताचे कागद असे चार कप्प्यांत विखुरले. सर्वजण लातूर व उस्मानाबाद धुंडाळीत बसले होते. अखेर थोरल्या काकू स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, "अरे, त्या कागदावर उर्दू शिक्का आहे. बिदरांत बघ." खत तेथेंच निघालें, त्यांत निम्मा हिस्सा स्वच्छ लिहिलेला होता.

पुतण्या ओशाळला, पण दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. अशा मांडणीस संगणकशास्त्रांत वृक्ष म्हणतात. मूळ एक, त्यास फांद्या, फांद्यांस पानें, आणि मुळापासून पानापर्यंत वाट एकच. शोध जलद लागतो, कारण प्रत्येक फाट्यावर बाकीच्या फांद्या सोडून देतां येतात. परंतु पान एकाच फांदीवर राहतें. घरांतील वंशावळच पाहा. मुलाच्या नांवाखालीं फांटे फुटत जातात. मुलीच्या नांवापाशीं फांदी संपते, किंवा तिचें नांवच नसतें. वास्तविक ती एकाच वेळीं दोन घरांची. झाडास हें सांगतां येत नाहीं. जाळ्यास येतें, कारण जाळ्यांतील कोणत्याहि गांठीस हवे तितके दोरे जोडतां येतात.

असे दोरे जोडलेल्या लिखाणास अमेरिकेंतील टेड नेल्सन यांनीं १९६५ मध्यें 'हायपरटेक्स्ट' हें नांव दिलें. पुढें १९८९ मध्यें टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेंत एक प्रस्ताव मांडला. आजचें वेब त्यांतूनच निघालें. आणि झाडासारख्या मांडणीची अडचण त्या प्रस्तावांत स्पष्टपणें नोंदलेली आहे.

मराठी वाचकास ही कल्पना अगदींच परकी नाहीं. वाई येथें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत नोंदी अकारविल्ह्यानें आहेत. पण वाचतां वाचतां मध्येंच एखाद्या शब्दामागें बाण दिसतो, म्हणजे त्या विषयावर स्वतंत्र नोंद आहे असें समजावें. हा बाण पृष्ठांक सांगत नाहीं, नोंदीचें नांव सांगतो. त्यामुळें कोश पुढें संगणकावर आला तेव्हां पृष्ठांक निरुपयोगी झाले, तरी बाण खोटे ठरले नाहींत.

वेबचे दोरे इतके टिकाऊ नाहींत. नेल्सन यांना दोरा दोन्ही टोकांस बांधलेला हवा होता. बर्नर्स-ली यांनीं तो एकतर्फी ठेविला. कोणासहि न विचारतां कोणाकडेहि दुवा देतां आल्यामुळें जाळें जगभर पसरलें. मात्र पान हललें, तर त्याच्याकडे बोट दाखविणाऱ्यास त्याचा पत्ताच नसतो. वाचकाच्या हातीं ४०४ हा आंकडा तेवढा येतो. यास्तव १९९८ मध्यें बर्नर्स-ली यांनींच बजावलें कीं, विषय, कर्त्याचें नांव अशा बदलणाऱ्या गोष्टी पानाच्या पत्त्यांत घालूंच नयेत. जिल्हा त्यांच्या ध्यानींमनींहि नसेल. आम्हांस मात्र बिदर आठवलें.

चौथ्या दिवशीं पुतण्यानें कप्पे मोडले. प्रत्येक कागदास नुसता क्रमांक दिला. कागद गहाळ झाला तरी तो क्रमांक दुसऱ्यास द्यावयाचा नाहीं, असें ठरलें. मग माणसांची, शेतांची व गांवांची अशा निरनिराळ्या याद्या केल्या. यादींत कागदाचा क्रमांक आणि उलट कागदाखालीं त्या त्या यादीचा उल्लेख, असा दोन्ही टोकांनीं दोरा बांधला. गांवाचें नांव पुरें लिहिण्याची शिस्त आम्हींच सुचविली. शिरूर पुणें जिल्ह्यांत आहे, बीडकडे शिरूर कासार आहे, आणि खुद्द लातूर जिल्ह्यांत शिरूर ताजबंदहि आहे.

सायंकाळीं थोरल्या काकूंनीं आपल्या पेटींतून वडिलांचें एक पत्र आणून दिलें. "हें माझ्या माहेरचं. ह्यालाही नंबर दे," म्हणाल्या. पत्रास ११२ क्रमांक मिळाला, आणि माणसांच्या यादींत काकूंच्या नांवापुढें दोन घरें लागलीं.